अँकर चर्चची गुहा : दगडाचा पुरावा आणि राजाचे नाव

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, इंगलबी गावाजवळ ट्रेंट नदीकाठी वालुकाश्मात खोदलेली एक गुहा आहे. तिचे नाव अँकर चर्च. एकांतवासी ख्रिस्ती साधकास तिकडे 'अँकराइट' म्हणत, त्यावरून हे नाव पडले. अठराव्या शतकात सर रॉबर्ट बर्डेट या जमीनदाराने मित्रमंडळींच्या भोजनासाठी ती सजविली; म्हणून ती त्याच काळातील हौशी बांधणी, असा समज दीर्घकाळ रूढ होता. २०२१ साली एडमंड सायमन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो खोडून काढला. गुहा नवव्या शतकातील निवासस्थान असावी आणि पदच्युत राजा अर्डवुल्फ तेथे राहिला असावा, अशी त्यांची मांडणी आहे.

ही दोन विधाने एकाच तोलाची नाहीत, असे आमचे मत आहे.

पहिले विधान दगडावर उभे आहे. खोदकामात दगड वजा होत जातो आणि पुढची छिन्नी मागची खूण पुसते. त्यामुळे अशा वास्तूचा काळ ठरविणे अवघड. तरीही अरुंद दारे-खिडक्या सॅक्सन बांधणीशी जुळतात आणि खांब जवळच्या रेप्टन येथील तळघराशी साम्य दाखवितो, हे संशोधकांनी मोजमापे घेऊन मांडले. हे काम आम्हांस मोलाचे वाटते.

दुसऱ्याचा आधार मात्र अनुमानांची साखळी आहे. नॉर्थंब्रियाच्या अर्डवुल्फची सत्ता ८०६ मध्ये गेली. ब्रीडन येथील संत हार्डुल्फ म्हणजे तोच, हे एक अनुमान. ट्रेंटजवळच्या कड्यात हार्डुल्फची कोठडी होती, असे सोळाव्या शतकातील एक मुद्रित त्रोटक सांगते. ती कोठडी हीच, हे दुसरे. मधे सुमारे सातशे वर्षे आहेत! संशोधकांनी 'शक्यता' म्हटले, वृत्तपत्रांनी 'राजाचे घर' केले.

आमच्या वाचकांस हे नवे नाही. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचे दान आणि विणकरांच्या श्रेणीकडील ठेव भिंतीवर कोरलेली असताना लोकांच्या तोंडी नाव बसले ते पांडवांचे. इंगलबीच्या मांडणीत तर शिलालेखाचाही आधार नाही. चुल्लवग्गात भिक्खूंच्या पाच निवासांत गुहेची गणना आहे, ती राहण्याची जागा म्हणून. मालकाच्या कीर्तीसाठी नव्हे. अँकर चर्चमध्ये तीन दालने आणि पूर्वाभिमुख प्रार्थनाकक्ष आहे. ती कोणी खोदली, आत राहणाऱ्यांस अन्न कोण पोचवीत असे, हे प्रश्न राजाच्या नावापुढे मागे पडले आहेत.