स्वस्ताईचा धूर

आमच्या यवतमाळात सोयरिकीत एखादा फौजी मामा निघाला की स्थळाचं वजन वाढतं. पराक्रमाची चौकशी मागाहून; आधी प्रश्न, "कॅन्टीनचं कार्ड आहे ना?" सैनिकाला साबण, पंखा स्वस्त मिळतो, त्याबद्दल माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाचीही तक्रार नाही.

पण अमेरिकेने हीच माया सिगारेटवर केली. लष्करी तळावरच्या दुकानात ती गावातल्या स्वस्तात स्वस्त भावाच्याही ५ टक्के खाली विकायची मुभा होती. वर राज्याचा विक्रीकर माफ. दुकानाच्या नफ्यातला वाटा जवानांच्या करमणुकीला आणि व्यायामाला! ज्याने देशासाठी छातीचा कोट करायचा, त्याच्याच छातीत सवलतीचा धूर. पुढे औषधपाण्याचं बिलही सरकारच्याच नावे. बी. कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं की नावेसमोर जमा हवी. इथे दोन्हीकडे खोकलाच!

अखेर २०१६ साली हुकूम निघाला : भाव गावाइतकाच, करासकट. उशिरा सुचलेलं, पण शहाणपण.

आपण मात्र हसण्याआधी चौकातला पानठेला पाहावा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आणि ठेल्यावर खर्रा घोटणं चालूच आहे. तिथे कुणी कार्डसुद्धा विचारत नाही.