'अनोळखी' हा शेरा

लष्करी तपासाच्या वृत्तान्ताला वाङ्मयीन निकष लावणे कुणाला विपरीत वाटेल. कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट यांचे 'द रिपोर्ट ऑन अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट्स' (१९५६) हे पुस्तक मात्र मी भाषेच्या शिस्तीसाठीच वाचतो. आकाशात दिसणाऱ्या अनोळखी दिव्यांचा आणि वस्तूंचा तपास करणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'चे ते पहिले प्रमुख.

१९४७ मध्ये वैमानिक केनेथ अर्नोल्ड यांच्या वर्णनावरून वर्तमानपत्रांनी 'फ्लाइंग सॉसर' हा शब्द घडवला. आपण बशीची उपमा गतीला दिली होती, आकाराला नव्हे, असे अर्नोल्ड पुढे सांगत राहिले. पण आकारच टिकला. आपली 'उडती तबकडी' तिथूनच आली. रुपेल्ट यांनी त्याऐवजी 'अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट' ही संज्ञा रूढ केली. तिच्यातही 'उडणारी' आणि 'वस्तू' ही दोन गृहीतके आहेतच. दिवा यांपैकी काहीही नसू शकतो.

तरी पुस्तकाचे बळ याच सावधपणात आहे. रुपेल्ट यांचे निष्कर्ष क्रियापदांनी मोजलेले आहेत: फुगा होता, बहुधा फुगा होता, फुगा असू शकेल. अपुऱ्या माहितीचा कप्पा वेगळा. 'अनोळखी' हा शेरा फक्त तिथेच, जिथे माहिती पुरेशी असूनही ओळख पटली नाही. आधीच्या 'प्रोजेक्ट ग्रज'वर ते तुटून पडतात, कारण तिथे उत्तर आधी ठरले होते आणि तपास नंतर झाला. १९६९ मध्ये ब्लू बुक बंद झाले तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ वर हा शेरा कायम होता.

पुस्तक घसरते ते लबक प्रकरणात. ऑगस्ट १९५१ मध्ये टेक्सासमधील लबक गावी काही प्राध्यापकांनी अंगणातून दिव्यांचा थवा जाताना पाहिला. रुपेल्ट ही कथा रहस्यकथेच्या हुशारीने रंगवतात आणि शेवटी सांगतात की उत्तर सापडले, ते अगदी साध्या नैसर्गिक घटनेचे आहे. पण शोधणाऱ्या शास्त्रज्ञाला नाव गुप्त ठेवण्याचे वचन दिल्याने सांगता येत नाही. वचन पाळणे योग्यच. पण पुरावा न दाखवता निकाल मान्य करा, हे इतरांकडून पुरावा मागणाऱ्या लेखकाला शोभत नाही. पुढच्या आवृत्तीत तीन प्रकरणे जोडून त्यांनी हा सगळा विषय मिथक ठरवला. मताचा हा बदल मला खटकत नाही. आधीची सतरा प्रकरणे त्या नव्या नजरेने पुन्हा तपासली नाहीत, हे खटकते.

आपल्याकडेही हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. २०१२-१३ मध्ये लडाख सीमेवर भारतीय जवानांनी अनोळखी प्रकाशांच्या ३२९ नोंदी केल्या. ते चिनी ड्रोन असावेत, असा संशय होता. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते गुरू आणि शुक्र असल्याचे ओळखले. त्या नोंदींत 'अनोळखी'च्या जागी 'शत्रूचे' असे लिहिले गेले असते, तर शास्त्रज्ञांना विचारण्याची गरज कुणाला वाटली असती? दोष जमेस धरूनही रुपेल्ट मला वाचनीय वाटतात ते यासाठी. संशयाच्या काळातही एक जागा कोरी ठेवता येते, हे त्यांचे पुस्तक दाखवते.