पट आणि हजेरी
कॉक्लिअर इम्प्लांटच्या गुंतागुंतींची मोजणी

परीक्षेला गैरहजर राहिलेल्या मुलांना उत्तीर्ण धरून निकाल लावला तर तो छानच लागेल. कोणी शिक्षक असे करणार नाही. कॉक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रियेचे अहवाल वाचताना मात्र आम्हांला अशी शंका वारंवार येते.

आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या कॉक्लियात शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोडची बारीक तार बसवतात. कानामागे लावलेला प्रोसेसर आवाजाचे विद्युत्-संकेत करतो, ते त्वचेतून आतल्या भागाकडे जातात आणि श्रवणचेता उद्दीपित होते. खर्च मोठा आहे. केंद्र शासनाच्या ॲडिप योजनेत २०१४ साली एका मुलामागे ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली, म्हणून तर ही शस्त्रक्रिया गरीब घरांपर्यंत पोहोचू शकली.

शस्त्रक्रिया म्हटली की गुंतागुंत आलीच : जखम चिघळणे, चक्कर, चेहऱ्याच्या चेतातंतूला इजा, यंत्र बंद पडणे. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक कोहेन व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये तिचे दोन गट केले. पुन्हा शस्त्रक्रिया किंवा रुग्णालयात भरती करावी लागली तर मोठी, नाहीतर किरकोळ. पुढे २००४ साली झुरिकच्या दिंदो, क्लाव्हियाँ प्रभृतींनी ६,३३६ रुग्णांवर पारखून सर्वसाधारण शस्त्रक्रियांसाठी पाच श्रेणी ठरवल्या. खास उपचार लागला नाही तर पहिली, औषध लागले तर दुसरी, पुन्हा शस्त्रक्रिया वा तत्सम उपाय करावा लागला तर तिसरी, जीव धोक्यात येऊन अतिदक्षता विभाग लागला तर चौथी, मृत्यू झाला तर पाचवी. कानाच्या शस्त्रक्रियांसाठीही ही पद्धत वापरली जाते.

पद्धत नेटकी आहे हे मान्य. ‘किरकोळ’ हा शब्द ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहात नाही, हा तिचा मोठा गुण. पण ही श्रेणी नेमके काय मोजते? डॉक्टरांना किती उपचार करावा लागला, ते. मुलाचे किती नुकसान झाले, ते नव्हे. घरी जाताना अपंगत्व उरले असेल तर श्रेणीला एक अक्षर जोडण्याची सोय आहे. परंतु बहिऱ्या मुलाचे खरे नुकसान भाषेचे, आणि ते घरी गेल्यानंतरच्या दोन-चार वर्षांत ठरते.

भामरागडच्या एखाद्या पाड्यावरचे मूल घ्या. समजा, प्रोसेसरची बाहेरची वायर तुटली. शहरात ती दोन दिवसांत बदलून मिळेल. इथून गडचिरोली गाठायची म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर, आणि नागपूर त्याच्याही पुढे. पर्लकोटेला पूर आला की वाट बंद, बापाची मजुरी बुडणार ती वेगळीच. सहा महिने मूल ऐकत नाही. कोहेन यांच्या यादीत याला जागा नाही, झुरिकच्या श्रेणींतही नाही, कारण कोणी काही उपचारच केला नाही. आतले यंत्र बंद पडले तरी तेच : पुन्हा शस्त्रक्रिया झाली तर तिसरी श्रेणी, मूल परत आलेच नाही तर कोरी पाटी. आणि घरी बोलतात माडिया, वाणीउपचार मराठीतून. यासाठी कोणती श्रेणी लावायची?

दवाखान्यात येणाऱ्यांवरून गावाचा अंदाज करू नये, हे गडचिरोलीनेच जगाला दाखवले आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पूर्वी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले. दवाखान्यातल्या नोंदी खोट्या नव्हत्या, त्या हजेरीच्या होत्या. बंग यांनी पट मोजला.

इम्प्लांटच्या बाबतीतही असे एकदा घडले आहे. काही मुलांना मेंदूज्वर, म्हणजे मेनिंजायटिस, झाल्याच्या बातम्या २००२ मध्ये येऊ लागल्या. तेव्हा अमेरिकेत १९९७ ते २००२ या काळात इम्प्लांट बसवलेल्या सहा वर्षांखालील ४,२६४ मुलांचा मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी २६ मुलांना हा आजार झाला होता, आणि न्यूमोकोकस जंतूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे प्रमाण त्या वयाच्या इतर मुलांच्या ३० पटींहून अधिक निघाले. इलेक्ट्रोड आत दाबून धरणारी एक पाचर ज्यांना बसवली होती त्यांना धोका जास्त. ती पाचर जुलै २००२ मध्येच मागे घेतली गेली होती. सुगावा एकेका रुग्णावरून लागला, पण प्रमाण कळायला पटच लागला. इम्प्लांटच्या मुलाला न्यूमोकोकसची लस आवर्जून द्यावी असे सांगतात ते यासाठी.

२००५ साली युरोपातील केंद्रांनी यंत्र बंद पडण्याच्या नोंदीबद्दल एक सहमतीपत्रक काढले. बसवलेले प्रत्येक यंत्र हिशेबात धरा, किती वर्षांत किती टिकली ते सांगा, मुलांचे आकडे वेगळे द्या, असा त्याचा आशय. तेव्हा ‘आमच्याकडे गुंतागुंत २ टक्के’ असे वाचले की आम्ही प्रथम विचारतो, कितींपैकी? आणि उरलेले आज कुठे आहेत? या दोन ओळी नसतील तर त्या २ टक्क्यांचा अर्थ लावता येत नाही.

यंत्र बंद पडल्याचे रुग्णालयाला कळण्याआधी शाळेला कळू शकते. लिंग नावाच्या श्रवणतज्ज्ञाची सहा ध्वनींची चाचणी सोपी आहे. मुलाच्या मागे उभे राहून किंवा तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स हे ध्वनी एकेक उच्चारायचे आणि मूल प्रत्येकाला प्रतिसाद देते का पाहायचे. दोन मिनिटे लागतात. हजेरीपटात त्या मुलाच्या नावापुढे ‘ऐकले’ किंवा ‘ऐकले नाही’ एवढेच तारखेसह लिहावे, आणि पालक रुग्णालयात जातील तेव्हा त्या पानाची नक्कल त्यांच्याबरोबर द्यावी.