इतरांनी दिलेली नावे : ‘उपरा’ आणि ‘उचल्या’

जमातीला इतरांनी दिलेले नाव हेच पुष्कळदा तिच्या लिखित इतिहासाचे पहिले प्रकरण असते. बेंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा परिसरात वसलेले हक्की-पिक्की लोक याचे ठळक उदाहरण होय. ‘पक्षी धरणारे’ या अर्थाचे हे नाव कानडी समाजाने त्यांच्या व्यवसायावरून ठेवले. घरात ते वागरी बोलतात. ही बोली गुजरातीच्या नात्यातली असून गुजरातिया, मेवाडा यांसारखी कुळनामे उत्तरेकडील वाटचालीची स्मृती जपतात. महाराष्ट्रातील कैकाड्यांची स्थिती याच्या उलट आहे. त्यांची बोली द्राविडी कुळातली, तमिळशी नाते सांगणारी. वस्ती मात्र मराठी मुलखात. अशा भटक्या जमातींचा इतिहास सरकारी दप्तरांत नोंदला गेला तो इतरांच्या शब्दांत. तो स्वतःच्या शब्दांत मांडण्याचे कार्य मराठीत लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी केले. त्यांना अनुक्रमे १९८१ व १९८८ मध्ये साहित्य अकादमीचे पुरस्कार लाभले.

या आत्मकथनांमागे एक कायदा उभा आहे. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता केला; १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढवली. व्यक्तीने गुन्हा केला की नाही, हा प्रश्नच त्यामुळे गौण ठरला. विशिष्ट जातीत झालेला जन्म पुरेसा होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पण कायद्याने दिलेली ओळख त्याबरोबर पुसली गेली नाही.

माणसाला माणूस म्हणून कायद्यासमोर उभे राहता येते काय, हा प्रश्न त्याच काळात उत्तर अमेरिकेतील पोंका या आदिवासी लोकांपुढेही होता. नायोब्रारा नदीच्या काठी मक्याची शेती आणि गव्यांची शिकार यांवर जगणाऱ्या या लोकांची भूमी १८६८ च्या तहात अमेरिकी सरकारने चुकीने सू लोकांना देऊन टाकली आणि १८७७ मध्ये त्यांना दक्षिणेकडे हाकलले. तेथे रोगराईने अनेकांचा बळी घेतला. स्टँडिंग बेअर हा त्यांचा प्रमुख मृत मुलाच्या अस्थी पूर्वजांच्या भूमीत पुरण्यासाठी सुमारे ३० सोबत्यांसह परत निघाला, तेव्हा त्याला अटक झाली. मे १८७९ मध्ये ओमाहा येथील न्यायालयात न्यायाधीश डंडी यांनी निर्णय दिला, की कायद्याच्या अर्थाने इंडियन हाही ‘व्यक्ती’ आहे. तरीही कायद्याने दिलेली मान्यता किती अस्थिर असते, हे पुढे दिसून आले. उत्तरेकडील पोंकांची मान्यता १९६२ च्या कायद्याने काढून घेण्यात आली. ती परत मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले.

हे साम्य ध्यानात घेतल्यावर भेद अधिक बोलका होतो. पोंकांना परत जाण्यासाठी एक नदीकाठ होता. ‘उपरा’च्या निवेदकाला तसे ठिकाण नाही. गाढवांवर बिऱ्हाड, फोक तासून विणलेल्या टोपल्या, गावाबाहेरचे पाल आणि हे पाल उठवण्याचा गावाचा अधिकार, एवढाच त्याचा भूगोल. शाळेत गेल्यावर तो गावालाही परका आणि पुढे आंतरजातीय विवाहानंतर जातपंचायतीलाही. म्हणूनच ‘उपरा’ हे केवळ गावाने दिलेले दूषण उरत नाही. ते निवेदकाच्या दुहेरी तुटलेपणाचे नाव होते. मान्यांचे सामर्थ्य असे, की जातपंचायतीच्या क्रौर्यावर ते पांघरूण घालत नाहीत.

‘उचल्या’त भर आत्मशोधापेक्षा व्यवहारावर आहे. चोरीच्या मिळकतीतला पोलिसांचा वाटा, घरांवरील छापे आणि मारहाण यांतून गुन्हा ही एक व्यवस्था असल्याचे गायकवाड दाखवून देतात. उत्तरार्धात सूतगिरणी आणि चळवळ यांचे तपशील वाढतात, तेव्हा कथन अहवालाकडे झुकते, हा त्याचा दोष खरा. परंतु त्याला केवळ रचनेचे शैथिल्य मानणे अपुरे ठरेल. ज्याच्याविषयी आजवर अहवाल इतरांनीच लिहिले, तो स्वतःचा अहवाल आग्रहाने लिहील, हे स्वाभाविक आहे.

एक प्रश्न शिल्लक राहतो. स्टँडिंग बेअर दुभाष्यामार्फत बोलला. पूर्वेकडील शहरांच्या दौऱ्यात सुझेट ला फ्लेश या ओमाहा तरुणीने त्याची दुभाषी म्हणून काम केले. भटक्यांच्या आत्मकथनांत दुभाष्याचे हे काम मराठीनेच पार पाडले आहे. कैकाडी बोलीतील शब्द त्यांत येतात ते मराठी वाक्यांच्या आश्रयाने. मराठीने या अनुभवाला वाचक दिला, तशी त्याची मूळ वाणी काही अंशी आडही ठेवली. या कृतींचे मूल्यमापन करताना समीक्षेने दोन्ही गोष्टी जमेस धरल्या पाहिजेत. अन्यथा व्यथेची दखल घेतली जाईल, पण ती ज्या बोलीत प्रथम उमटली त्या बोलीची नाही.