निवृत्तिनाथांचा शोक

नामदेवरायांच्या गाथ्यात ज्ञानोबारायांचे चरित्र आदि, तीर्थावळी आणि समाधी अशा तीन प्रकरणांत येते. त्यातले समाधी प्रकरण आपण वारकरी वाचतो कमी आणि ऐकतो जास्त. दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत नामदास महाराजांचे कीर्तन होते, घंटानाद होतो, फुले पडतात आणि ऐकणारा समुदाय हुंदके देतो. त्या रडण्याला तिथे कोणी अज्ञान म्हणत नाही. पण तोच माळकरी गावी परतला, घरातले माणूस गेले म्हणून रडू लागला, की दहाव्याच्या प्रवचनात त्याला ऐकावे लागते : आत्मा अमर आहे, गळ्यात माळ असणाऱ्याने शोक करू नये.

हे दोन्ही एका पोथीत कसे बसायचे? समाधी प्रकरण या प्रश्नासाठी एकदा सावकाश वाचावे असे मला वाटते.

आधी एक आक्षेप. माउलींची समाधी संजीवन आहे, तिला मरण कसे म्हणायचे? म्हणू नयेच. माउलींच्या बाजूने ते मरण नाही, हे मान्य. पण मागे राहणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर उद्यापासून हाक मारली की ओ येणार नाही, एवढे तरी खरेच आहे. नामदेवराय हे प्रकरण मागे राहणाऱ्यांच्या बाजूने सांगतात. ते स्वतः त्यांच्यातलेच होते.

शके 1218. परंपरा सांगते की माउलींचे वय तेव्हा एकवीस. ज्याने सगळ्यांना शिकवले तो निघाला आहे आणि साधुसंत भोवती जमले आहेत. अशा वेळी आपण अखेरच्या उपदेशाची वाट पाहतो. थोर माणूस जाताना काहीतरी सांगून जाणार, अशी आपल्याला सवय झालेली असते. इथे समाधीच्या दारात माउली काय बोलतात? गुरूने पाळले, पोसले, लळा लावला त्याचे उपकार आठवतात. देवाला म्हणतात, तू मला सुखी केलेस, आता पायापाशी ठेव. मग तीन वेळा हात जोडतात आणि डोळे मिटतात. पुढ्यात ज्ञानेश्वरी ठेवलेली असते. सांगायचे होते ते नेवाशाला सांगून झाले आहे. जाणारा येथे शिकवत नाही, तो निरोप घेतो. मृत्यूविषयी मोठे बोलण्यापेक्षा हा कृतज्ञतेचा निरोप मला जास्त शिकवणारा वाटतो.

बाकीची तयारीही किती साधी आहे! नामदेवांचे चार मुलगे, नारा, विठा, गोंदा आणि महादा, समाधीची जागा झाडून साफ करतात. तुळस, बेल अंथरतात. जिथे खुद्द पांडुरंग हजर आहेत तिथे झाडलोटीची नोंद कवीला ठेवावीशी वाटली. ज्याच्या घरातून माणूस गेले आहे त्याला ही नोंद कळेल. अंगण सारवणे, पाणी तापवणे, कोणाला तरी निरोप धाडणे, याच कामांनी तो दिवस निभतो.

आता निवृत्तिनाथांकडे पाहू. हे थोरले भाऊ आणि गुरूही. यांच्याच आज्ञेने गीतेवर टीका झाली. दुसऱ्या अध्यायात अर्जुनाच्या शोकाचे जे निरसन आहे, ते ज्याच्या कृपेने बोलले गेले तो हा पुरुष. देहाचे नश्वरपण त्यांना कोणी सांगावे? आणि याच पुरुषाच्या तोंडी नामदेवराय घालतात की मनाचे कितीही समाधान करतो, काही केल्या ते राहत नाही. मग एकामागून एक दृष्टांत येतात. तळ्याचा बांध फुटून पाणी वाट फुटेल तिकडे धावते. पेंढीचा आळा सुटून गवत रानभर पांगते. हरिणी गेल्यावर पाडसे दाही दिशा भटकतात. आईबाप सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, इथपर्यंत ते बोलतात. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतले ती कथा आठवा, म्हणजे या बोलण्याचे वजन कळेल.

तिन्ही दृष्टांत शेतातले, रानातले आहेत. सुटण्याचे, पांगण्याचे आहेत. चार भावंडांना जो एकत्र बांधून होता तोच निघाला. इथे गुरूच शिष्याविना पोरका झाला आहे.

आणि नामदेवराय या शोकाची सफाई देत नाहीत. लोकशिक्षणासाठी नाथांनी शोकाचा आव आणला, ही मखलाशी नंतरच्या निरूपणांतून ऐकू येते. मला ती पटत नाही. कवीला तसे म्हणायचे असते तर एक चरण पुरला असता. उलट तो पुढे सांगतो की एका बाजूने देवाने आणि दुसऱ्या बाजूने निवृत्तिनाथांनी हात धरून माउलींना आत नेले. नाथ बाहेर आले आणि शिळा लावली गेली. ज्याचे मन राहत नव्हते तोच हात धरून दारापर्यंत गेला. स्वीकार म्हणतात तो हाच असावा. डोळे कोरडे असल्याची अट त्यात कुठे दिसत नाही.

प्रकरणात उणीव नाही असे नाही. देव, गंधर्व, ऋषी यांची रीघ फार लांबते. संतांच्या नामावळ्या पुन्हा पुन्हा येतात आणि त्या गर्दीत मुक्ताई, सोपान हरवून जातात. गाथ्याच्या प्रतींमध्ये अभंगांची संख्याही सारखी नाही, आणि नाममुद्रेचे सगळेच अभंग एका हातचे नाहीत, असे अभ्यासक सांगतात. असेलही. तळे, पेंढी आणि हरिणी ज्याच्या हातची असतील त्याने मात्र जवळचे माणूस घालवले होते, एवढे वाचताना जाणवते.

दहाव्याचे प्रवचन करणाऱ्या मंडळींना एक विनंती करावीशी वाटते. नदीकाठी पिंड ठेवलेले असते, कावळ्याची वाट पाहणे चाललेले असते, पाहुणे घड्याळ बघत असतात. तुमच्या हाती अर्धा तास असतो. तो सगळा आत्म्याच्या अमरत्वावर खर्च करू नका. समोर बसलेल्या विधवेला, म्हाताऱ्या बापाला दुसरा अध्याय सांगायचा तर सांगा, पण त्याच्या शेजारी हे प्रकरणही सांगा. गुरूंच्या गुरूचेही मन राहिले नव्हते, हे तिच्या कानी पडू द्या.

शिळा लागल्यावर वर्ष पुरे व्हायच्या आत सोपानदेव सासवडला गेले, मुक्ताई तापीतीरी गेल्या, आणि शेवटी निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी. थोरल्याने तिन्ही धाकट्यांना निरोप दिला. नामदेवराय त्यानंतरही पन्नासांहून अधिक वर्षे जगले, कीर्तन करीत राहिले. हे अभंग म्हणताना त्यांचा कंठ दाटत नसेल असे मला तरी वाटत नाही.