निळ्या छापाच्या बशा : रूढ नाव व मूळ चित्र

स्टॅफर्डशरच्या जुन्या निळ्या-पांढऱ्या बशा जमविणारा रसिक प्रथम नक्षीचे रूढ नाव, कारखान्याची खूण आणि भांड्याची अभंगता पाहतो. ही कसोटी बाजारास पुरेशी आहे. अभ्यासास ती अपुरी पडते.

या बशांवरील चित्र हाताने काढलेले नसते. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र कोबाल्टच्या निळ्या शाईने पातळ कागदावर उतरवीत. तो कागद एकदा भाजलेल्या भांड्यावर दाबून मग धुऊन काढीत. नंतर झिलई देऊन भांडे पुन्हा भाजीत. काठाच्या नक्षीत कागदाचा सांधा पुष्कळदा दिसतो. संग्राहक त्यास दोष समजतो. अभ्यासकास मात्र तोच निर्मितीचा पुरावा होय. म्हणून सांधा दाखविणारे फुटके खापरही त्याज्य नव्हे.

चित्रांच्या मुळाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. भाईंदरचे इंद्रलोक ज्या साष्टी बेटावर वसले आहे, तेथील लेणी टॉमस व विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनी १७९३ मध्ये पाहिली. त्यांची चित्रे 'ओरिएंटल सीनरी' (१७९५–१८०८) या १४४ चित्रांच्या ग्रंथात आली. याच ग्रंथातून इंग्लिश कुंभारांनी बशांसाठी दृश्ये उचलली. रॉजर्स यांच्या कारखान्याचा एक नमुना संग्राहकांत 'मोनॉप्टेरॉस' या ग्रीक नावाने प्रसिद्ध आहे. मूळ चित्र मात्र दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याजवळील भग्न वास्तूचे आहे. रूढ नावाने येथे स्थळच पुसून टाकले. स्पोडची भारतीय शिकारदृश्ये अशीच विल्यमसनच्या 'ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स' (१८०५–०७) या ग्रंथातून घेतलेली आहेत.

उलट दिशेचा मोहही तितकाच घातक आहे. एखाद्या बशीवर गुहा वा खांब दिसताच ती 'साष्टीची लेणी' ठरविणे म्हणजे एका चुकीच्या नावाऐवजी दुसरे देणे होय. मूळ मुद्रित चित्राशी रेषेरेषेने तुलना झाल्याखेरीज स्थळनिश्चिती मान्य करता येणार नाही.

सारांश, या बशा भारताच्या दर्शनाचा थेट पुरावा नव्हेत. प्रवाशाचे रेखाटन, मुद्रकाचे चित्र, कोरणाऱ्याचा पत्रा आणि शेवटी भांडे अशा चार हातांतून गेलेली ती प्रतिमा आहे. प्रत्येक टप्प्यावर काय गळले व काय नव्याने जोडले गेले, हे सांगता आले तरच संग्रहास संशोधनाची योग्यता येते.