सिनेटमध्ये आपलं कोण?

ग्लासगो विद्यापीठात विद्यार्थी मतदान करून ‘रेक्टर’ निवडतात. 2014 मध्ये त्यांनी एडवर्ड स्नोडेनला निवडलं. तो रशियात, म्हणजे बैठकांना येणं अशक्यच. उलट एडिनबरात 1972 मध्ये निवडून आलेले गॉर्डन ब्राउन स्वतः विद्यार्थी होते आणि कारभारी मंडळाच्या बैठकांचं अध्यक्षपद त्यांनी खरोखर चालवलं. पद तेच, फरक हजेरीचा.

आपल्याकडे 1994 पासून थेट विद्यार्थी निवडणुका बंद. 2016 च्या कायद्याने वाट उघडली, पण 2019 मध्ये त्या पुढे ढकलल्या. मुंबईच्या सिनेटमध्ये पदवीधरांच्या 10 जागा आहेत. 2024 मध्ये दहाही युवासेनेने (ठाकरे गट) जिंकल्या. माझा प्रश्न वेगळाय: फेलोशिप रखडली, थिसिसचा रिपोर्ट लांबला, तर तिथे बोलणार कोण? बोरिवली-मुलुंडहून कलिनाला पीएचडीला येणार असाल, तर आधी पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवा.